‘पुराव्याअभावी’ या शब्दाच्या आडोशाला

एखाद्या मोठ्या खटल्यातील आरोपी सुटले की मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यात बहुधा एक शब्द ठरलेला असतो: ‘पुराव्याअभावी’. हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात एक चित्र आपोआप उभे राहते. गुन्हा याच माणसांनी केला होता, पोलिसांनी योग्य माणसे पकडली होती, पण कुठे एखादा कागद कमी पडला, कुठे साक्षीदार फिरला आणि वकिलांनी कायद्याच्या फटीतून त्यांना बाहेर काढले. गेल्या काही वर्षांत वरिष्ठ न्यायालयांनी फौजदारी अपिलांत दिलेले काही निकाल मुळातून वाचले तर हे चित्र टिकत नाही, कारण त्या खटल्यांत पुराव्याचा ढीग होता. प्रश्न तो पुरावा कसा तयार झाला, हा होता.

मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी दिलेला निकाल याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी, कार्यालये सुटण्याच्या वेळी, पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांतील पहिल्या वर्गाच्या डब्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. 180 हून अधिक माणसे मेली आणि 800 हून अधिक जखमी झाली. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावे त्या दिवसापासून मुंबईकरांच्या स्मरणात एका वेगळ्या क्रमाने बसली आहेत. सप्टेंबर 2015 मध्ये मोक्का या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याखालील विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. तेरावा आरोपी तेव्हाच निर्दोष सुटला होता. दहा वर्षांनी न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने 671 पानांचा निकाल देऊन बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतील एकजण 2021 साली नागपूरच्या तुरुंगात असतानाच करोनाने मरण पावला होता, त्यामुळे तो निर्दोष ठरला तो मरणोत्तर.

आता या निकालात नेमके काय म्हटले आहे ते पाहावे. आरोपींना टॅक्सीतून चर्चगेटला सोडल्याचे सांगणारे चालक पोलिसांपुढे आले ते घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी. रोज कित्येक प्रवासी वाहून नेणाऱ्या माणसाने त्यांतील काहींचे चेहरे इतके दिवस का व कसे लक्षात ठेवावेत, याचे कारण सरकारी पक्षाला देता आले नाही. ओळखपरेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच त्या वेळी नव्हता. ज्या साक्षीदाराच्या वर्णनावरून संशयितांची रेखाचित्रे काढली होती, त्याला ओळखीसाठी न्यायालयात उभेच केले गेले नाही. जप्त केलेली स्फोटके, कुकर आणि नकाशे यांचा पुरावा म्हणून उपयोग होईना, कारण मुद्देमाल मोहोरबंद करण्यात आणि सांभाळण्यात त्रुटी होत्या आणि मुळात गाड्यांत वापरलेला बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेच सरकारी पक्षाने सिद्ध केले नव्हते. खटल्याचा कणा होता तो कबुलीजबाबांचा. वेगवेगळ्या पोलीस उपायुक्तांनी वेगवेगळ्या दिवशी नोंदवलेल्या जबाबांत काही भाग एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, आणि रुग्णालयांतील वैद्यकीय नोंदी छळाच्या आरोपाला बळ देत होत्या. हे जबाब स्वेच्छेने दिलेले नाहीत, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

यातील एकाही मुद्द्याला ‘पुराव्याचा अभाव’ म्हणता येणार नाही. दोनशेच्या आसपास साक्षीदार तपासलेल्या खटल्यात अभाव कसला? निकालाच्या सुरुवातीलाच खंडपीठाने एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली आहे: गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की समाजाला फसवे समाधान मिळते आणि खरा धोका मात्र मोकळाच राहतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर विधान हेच आहे आणि त्यावर सर्वांत कमी चर्चा झाली.

चर्चा झाली ती तीन दिवसांनी आलेल्या दुसऱ्या आदेशाची. राज्य सरकारने तातडीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि 24 जुलै रोजी निकालाला स्थगिती मिळाल्याच्या बातम्या झळकल्या. ती स्थगिती किती होती हे फारच थोड्यांनी सांगितले. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवावे, अशी मागणीच राज्याने केली नव्हती. उच्च न्यायालयाने मोक्का कायद्याचा लावलेला अर्थ इतर प्रलंबित खटल्यांवर परिणाम करील, एवढीच त्याची तक्रार होती, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तेवढेच म्हटले की हा निकाल इतर खटल्यांत पूर्वाधार म्हणून वापरू नये. अपील प्रलंबित आहे आणि त्याचा निर्णय काहीही लागू शकतो, याचे भान ठेवूनच मी पुढचे लिहीत आहे.

कोणी म्हणेल की एका खटल्यावरून सर्व तपासयंत्रणेबद्दल बोलणे अन्यायाचे आहे. मग महाराष्ट्रातलाच दुसरा खटला घेऊ. यात दहशतवाद नाही, राजकारण नाही आणि दूरचित्रवाणीवरची भांडणेही नाहीत. जून 2003 मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातील पाच जणांचा खून झाला आणि बलात्कारही झाला. भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2006 साली सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी तिघांची फाशी कायम करून तिघांची जन्मठेपेत बदलली, आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने या दुसऱ्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. 5 मार्च 2019 रोजी, पुनर्विलोकनात, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. तोवर त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती आणि त्यांच्यातील एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हेही मध्येच उघड झाले होते. निकाल फिरला तो ज्या एका गोष्टीमुळे, ती आजही वाचताना अंगावर काटा आणते. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून भलत्याच चार माणसांना ओळखले होते. तो कागद सरकारी पक्षाजवळ होता, पण त्या चौघांचा तपास झाला नाही आणि खटल्यात हा कागद दडवला गेला.

म्हणजे पुरावा होता, तो दुसऱ्यांकडे बोट दाखवत होता आणि तो बाजूला ठेवला गेला. याला मराठीत ‘पुराव्याअभावी सुटका’ म्हणणे म्हणजे भाषेवर अन्याय करणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि दोषी अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास राज्याला सांगितले. पाच लाख भागिले सोळा हा हिशेब वाचकांनी स्वतः करावा. तरीही हे सहा जण नशीबवान म्हटले पाहिजेत, कारण एवढे मिळणेही कायद्याने ठरलेले नाही, न्यायालयाच्या मर्जीवर आहे. गुजरातमधील अक्षरधाम मंदिरावरील दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना निर्दोष सोडताना तपासावर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्यांनी भरपाई मागितली, तेव्हा 2016 साली त्याच न्यायालयाने, असे केले तर धोकादायक पायंडा पडेल, असे सांगून नकार दिला. कायद्याच्या पुस्तकात शोधायचेच तर विनाकारण अटक झालेल्याला भरपाई देण्याचे एक कलम आहे. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत ते 358 वे होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 399 वे आहे. भरपाईची कमाल मर्यादा आहे एक हजार रुपये. वसाहतवादी कायदे मोडीत काढल्याचा गाजावाजा करीत नवी संहिता आणली गेली, पण हा आकडा मात्र जुन्या संहितेतून जसाच्या तसा उचलला गेला.

कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात, चुकीचा खटला भरल्यामुळे ज्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले त्यांच्यासाठी वेगळा कायदा आणि विशेष न्यायालये असावीत, अशी शिफारस केली. कायदा झाला नाही. जुलै 2025 मध्ये, मुंबईचा निकाल लागण्यापूर्वी काही दिवस, सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील फाशीच्या एका कैद्याला निर्दोष सोडताना या उणिवेकडे पुन्हा लक्ष वेधले. न्यायालये सांगत आहेत, आयोग सांगत आहे, पण संसद ऐकत नाही, कारण तुरुंगातून सुटलेल्या माणसांचा मतदारसंघ नसतो.

मात्र पैशांचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा की वरिष्ठ न्यायालयाने, तपास खोटा होता, असे म्हटल्यानंतर राज्याच्या कोणत्या कार्यालयात कोणाच्या टेबलावर कोणती फाइल उघडते?

कागदावर याचे उत्तर आहे. जानेवारी 2014 मध्ये गुजरातमधील एका बालिकेवरील अत्याचार व खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांच्या गृहखात्यांना आदेश दिला होता की पोलीस आणि अभियोग संचालनालय, म्हणजे सरकारी वकिलांचे खाते, यांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमावी, निर्दोष सुटकेच्या प्रत्येक निकालाची तिने छाननी करावी आणि चुकलेल्या तपास अधिकाऱ्यांवर खात्यांतर्गत कारवाई व्हावी. हेतू चांगला होता, पण या आदेशाच्या रचनेतच एक दोष आहे असे मला वाटते. त्यात सुटका हेच अपयश मानले आहे. ज्या अधिकाऱ्याला माहीत आहे की आरोपी सुटला तर चौकशी आपली होणार, तो पुढच्या वेळी अधिक प्रामाणिक तपास करील की अधिक भक्कम दिसणारे कबुलीजबाब मिळवील? चुकीच्या माणसाला शिक्षा झाली तर मात्र या समितीपुढे काहीच येत नाही, कारण कागदोपत्री तो तपास यशस्वी असतो. रेल्वे स्फोटांचा तपास 2006 पासून 2025 पर्यंत, एकोणीस वर्षे, ‘यशस्वी’ होता. शिवाय पोलिसांच्या चुका पोलीस आणि सरकारी वकील यांनीच तपासायच्या, या व्यवस्थेतून काय निष्पन्न होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मालेगावची दोन प्रकरणे इथे आठवतात. 8 सप्टेंबर 2006 रोजी तिथे झालेल्या स्फोटांत राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना अटक केली. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने 2013 साली वेगळ्याच गटाविरुद्ध आरोपपत्र ठेवले आणि 2016 साली विशेष न्यायालयाने त्या तरुणांना दोषमुक्त केले. 29 सप्टेंबर 2008 च्या स्फोटात सहा जण मेले. तिथेही एका यंत्रणेने एक सांगितले आणि दुसरीने दुसरे, आणि 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. संशय कितीही बळकट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. रेल्वे स्फोटांचा आणि मालेगावचा, दहा दिवसांच्या अंतराने आलेल्या या दोन निकालांवर आपल्याकडे जी प्रतिक्रिया उमटली ती लाजिरवाणी होती. एका निकालाने आनंदलेले दुसऱ्याने संतापले आणि दुसऱ्याने आनंदलेले पहिल्याने. मुख्यमंत्र्यांना पहिला निकाल धक्कादायक वाटला आणि सरकार तीन दिवसांत दिल्लीला पोचले. दुसऱ्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले ते मृतांच्या नातेवाइकांनी. आरोपी कोणत्या धर्माचे आहेत हे पाहून निकालाची गुणवत्ता ठरवणाऱ्यांना एक साधी गोष्ट दिसत नाही, की दोन्हीकडच्या मृतांच्या घरी आज एकच स्थिती आहे: माणूस गेला आणि कोणी मारला ते माहीत नाही.

दुसरी बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. दहशतवादी कटाचा तपास चोरीच्या तपासासारखा नसतो, साक्षीदार घाबरतात, धागे सीमेपलीकडे जातात, आणि अधिकाऱ्यांवर शहराचा आणि मंत्रालयाचा दबाव असतो. संशयाच्या फायद्याचा अतिरेक करू नये, अपराधी सुटणे हाही न्यायाचा पराभवच आहे, असा इशारा 1973 साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खुनाच्या अपिलात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिला होता. पण त्याच निकालात त्यांनी हेही म्हटले आहे की ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांतील मानसिक अंतर फार लांबचे आहे. 1984 साली पुण्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याचे ‘पंचशील’, म्हणजे त्याच्या पाच कसोट्या, सांगितले तेव्हा हेच वाक्य आधाराला घेतले. तपास अवघड आहे हे खरे. मात्र अवघड तपासात कबुलीजबाबांची शब्दरचना जुळण्याचे काही कारण नसते. उलट तपास जितका अवघड, तितके चार माणसांचे चार जबाब वेगळे असायला हवेत.

इथे मोक्का कायद्याच्या 18 व्या कलमाबद्दल बोलावेच लागते. सर्वसाधारण कायद्यानुसार पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही, आणि हा नियम इंग्रजांनी 1872 च्या पुरावा कायद्यात घातला तो पोलीस कशी कबुली मिळवतात याची त्यांना पूर्ण कल्पना होती म्हणून. 1999 साली महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीसाठी हा नियम बाजूला सारला आणि अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य ठरवली. हुद्दा वाढला की विश्वासार्हता वाढते, हे या कलमाचे गृहीतक आहे. रेल्वे स्फोटांच्या निकालाने याच गृहीतकाला तडा दिला आहे, आणि राज्याला हा निकाल पूर्वाधार होऊ नये असे का वाटते, याचे उत्तर बहुधा इथे सापडते. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने 1997 साली सही केली, पण त्याला संसदेच्या कायद्याची जोड अजून दिलेली नाही. पोलीस ठाण्यांत आणि चौकशीच्या खोल्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये दिला. हे दोन्ही नीट झाले तर निदान पुढच्या खटल्यात, कबुली स्वेच्छेची होती की नव्हती, यावर दहा वर्षे वाद घालावा लागणार नाही.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. 1974 साली बर्मिंगहॅममधील दोन पबमध्ये झालेल्या स्फोटांत 21 जण मेले, सहा आयरिश माणसांना मारहाण करून कबुल्या घेतल्या गेल्या, आणि ते 1991 साली, सोळा वर्षे तुरुंगात काढून सुटले. ज्या दिवशी ते सुटले त्याच दिवशी तिथल्या सरकारने फौजदारी न्यायव्यवस्थेच्या चौकशीसाठी शाही आयोग जाहीर केला, आणि त्यातून 1997 साली शंकास्पद शिक्षांची फेरतपासणी करणारी स्वतंत्र संस्था कामाला लागली. तिथेही सगळे सरळ झालेले नाही. 2014 साली भरपाईची अट इतकी कडक केली गेली की सुटलेल्या माणसाला आता आपण निर्दोष असल्याचे जवळजवळ सिद्ध करावे लागते. तरीही सुटकेच्या दिवशी सरकारने काय करायचे असते, याचा एक नमुना तिथे आहे. आपल्या सरकारने त्याच्या बरोबर उलट केले.

तांत्रिक अडचण आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. अपील प्रलंबित असताना राज्य एकीकडे ‘हेच गुन्हेगार’ असे म्हणणार आणि दुसरीकडे खऱ्या गुन्हेगारांचा शोध घेणार, हे दोन्ही एकाच तोंडाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत नव्याने तपास करणे कठीण आहे हे मान्य. पण तपास कसा झाला याची चौकशी अपिलावर अवलंबून नाही. ओळखपरेडसाठी अधिकार नसलेला अधिकारी कोणी नेमला, वेगवेगळ्या उपायुक्तांच्या कागदांवर सारखा मजकूर कसा आला, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता, या प्रश्नांची उत्तरे आरोपी दोषी असोत वा नसोत, सारखीच राहणार आहेत. ही चौकशी निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली, गृहखात्याबाहेर आणि तिचा अहवाल विधिमंडळासमोर ठेवण्याच्या अटीवर आजही सुरू करता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, चौकशी आयोगाचा 1952 चा कायदा पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट, तुलनेने किरकोळ वाटणारी. 671 पानांचा हा निकाल इंग्रजीत आहे. त्या संध्याकाळी विरार-बोरिवलीकडे निघालेल्या ज्या माणसांचे प्रेत नातेवाइकांना रुग्णालयाच्या शवागारात ओळखावे लागले, त्यांच्या घरात मराठी, गुजराती, हिंदी बोलली जाते. एकोणीस वर्षे ज्यांना ‘गुन्हेगार सापडले’ असे सांगितले, त्यांना आता ‘ते गुन्हेगार नव्हते’ असे का म्हटले जात आहे, हे त्यांच्या भाषेत, घरी जाऊन, समजावून सांगण्याची जबाबदारी कोणावर आहे? मला कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात ती सापडली नाही. त्या कुटुंबांना ही बातमी दूरचित्रवाणीवरून कळली, आणि तिच्या खाली पट्टीवर, नेहमीप्रमाणे, ‘पुराव्याअभावी’ असा शब्द सरकत होता.